उभे इंजिन, चालते इंजिन

आमच्या घरी दोन इंजिने होती. हे साधे विधान मी तरुणपणी अनेकदा करायचे ठरवले आणि प्रत्येक वेळी ऐनवेळी गिळून टाकले. कॉलेजात नव्या मैत्रिणी आपापल्या घरचे वैभव सांगत. कुणाकडे बाजाची पेटी होती, कुणाकडे बोलणारा पोपट, एकीची तर आत्या रेडिओवर गाणारी होती. माझी पाळी आली की मी म्हणे, "विशेष काही नाही," आणि वहीत डोके घालून बसे. खरे तर त्या सगळ्यांचे वैभव एका पारड्यात घातले असते, तरी आमच्या परसातल्या एका चाकाला ते उचलू शकले नसते. पण घरात इंजिन आहे असे सांगितले की लोक "कशाला?" असे विचारतात, आणि त्या प्रश्नाची आमच्याकडे दोन परस्परविरोधी उत्तरे होती, ती देणाऱ्या दोन माणसांचे एकमेकांशी लग्न झालेले होते. आता माझा मोतीबिंदू काढून झाला आहे, नोकरी संपून बराच काळ लोटला आहे, आणि समोर नुसता कागद आहे. कागद "कशाला" विचारत नाही, म्हणून या वयात धीर करते.

शुक्रवार पेठेतले, म्हणजे पुण्याच्या नव्हे तर कानडी मुलखालगतच्या आमच्या गावच्या पेठेतले, आमचे घर पुढून पाहणाऱ्याला अगदी सामान्य वाटे. परस मात्र घराच्या मानाने फार मोठे होते. नव्या पेठेत अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, आणि त्यांच्या थोरल्या भावाचे मिळून कापडाचे दुकान होते. या थोरल्या काकांना आम्ही कानडी रीतीप्रमाणे दोड्डप्पा म्हणत असू. घरात दोन भाषा नांदत: व्यवहार मराठीत, रागावणे कानडीत, आणि देवाशी बोलणे ज्या भाषेत काम लवकर होईल त्या भाषेत. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती अक्कलकोटकडची, आणि तिचे मराठी स्वच्छ असले तरी ज्या क्षणी ती कानडीत शिरे त्या क्षणी घरातली पुरुषमंडळी चपला शोधू लागत. अप्पा दुकानात बसत खरे, पण गिऱ्हाईक लुगड्याचा काठ निरखत असताना त्यांचे कान रस्त्यावर असत. जाणाऱ्या लॉरीच्या नुसत्या आवाजावरून तिचे कुठे दुखते आहे हे ते सांगू शकत, आणि गिऱ्हाइकाने विचारले नसले तरी सांगत.

पहिले इंजिन वाफेचे. बार्शीकडे एका लग्नाला गेलेले अप्पा तिथली एक जुनी जिनिंग फॅक्टरी मोडीत निघाल्याचे ऐकून तिकडे वळले, आणि लग्नाला गेलेला माणूस फार तर लाडू घेऊन परत येतो, तसे न करता इंजिन घेऊन परत आले. आडवा पडलेला लांबोळा बॉयलर, एका टोकाला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला उंच धुराडे, पाठीवर भलेमोठे चाक, आणि खाली बैलगाडीसारखी पण लोखंडाची चार चाके. ही चार चाके पाहून लोक त्याला आगगाडीचा नातलग समजत. मग अप्पा समजावून सांगत की हे स्वतः कुठे जात नाही, हे एका जागी उभे राहून दुसऱ्यांना कामाला लावते. "म्हंजे दोड्डप्पासारखं," असे अव्वा म्हणे; अर्थात दोड्डप्पा घरात नसताना. बॉयलर पेटवायचा तर सरकारी तपासनिसाची परवानगी लागते, आणि आमच्या बॉयलरची तब्येत पाहता ती मिळण्यासारखी नव्हती. त्यामुळे आमच्याकडे आल्यापासून ते इंजिन एकदाही पेटले नाही. त्याच्या पाठीवर पापड उत्तम वाळत, चाकाच्या आऱ्यांवर धुणे पडे, आणि जाळाच्या पेटीत दरसाल एक मांजर नियमाने बाळंत होई. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर अप्पा त्याच्यापुढे स्टूल टाकून बसत आणि चहा पीत. ते त्याच्याशी बोलत असत असे माझ्या भावाचे म्हणणे आहे. मी मात्र त्यांना नुसते बसलेलेच पाहिले आहे.

दुसरे इंजिन पेट्रोलचे. बुटके, एका सिलिंडरचे, दोन्ही बाजूंना दोन जड चाके आणि डोक्यावर पाण्याचा उघडा हौद. एका मळ्यात विहिरीवर वीज आली आणि ते बिनकामाचे ठरले, तेव्हा अप्पांनी त्यालाही घरी आणले. त्यांचा विचार असा की मोठ्याला सोबत होईल. अव्वाने नव्या पाहुण्याकडे पाहून हे काय करते एवढेच विचारले. उत्तरादाखल अप्पांनी जे व्याख्यान दिले त्यातले तिने एकच वाक्य उचलले: या चाकावर पट्टा चढवला की दुसऱ्या टोकाला काहीही जोडता येते. आठवडा उलटायच्या आत त्या दुसऱ्या टोकाला डंख आला. मिरच्या आणि शेंगदाणे कुटण्याचे जे लोखंडी यंत्र असते, ज्यात जड मुसळे आपसूक वरखाली होतात, त्याला डंख म्हणतात. खमंग भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ हे सगळे त्या मुसळांखाली जाई आणि थोड्या वेळाने शेंगदाण्याला तेल सुटून लालसर, ओलसर, किंचित चिकट अशी चटणी वर येई. आधी शेजारणी वाटीभर मागत. मग त्या डबे आणू लागल्या. मग नव्या पेठेतले दुकानदार आमच्या दुकानात कापडाऐवजी चटणीची चौकशी करू लागले. दोड्डप्पांना हे फारसे रुचले नाही, पण कडक भाकरीवर ही चटणी आणि दही घेऊन ते बसत तेव्हा त्यांचा विरोध बराच निवळलेला असे.

या इंजिनाचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. ठक्, असा एक खणखणीत ठोका, मग नुसते तीन-चार उसासे, पुन्हा ठक्. भार नसला की ते पेट्रोल जाळत नसे, चाकांच्या आधीच्या वेगावर नुसतेच श्वास घेत फिरे. शेंगदाणे पडले, मुसळांना ओझे जाणवले, की ठोक्यावर ठोका देऊ लागे. पुढे मी पदार्थविज्ञान शिकवले, आणि वेग आपोआप नियंत्रित ठेवण्याची ही रचना फळ्यावर काढून काढून माझे खडू झिजले. पण अव्वाने तिचे जे वर्णन केले होते त्याची सर माझ्या आकृतीला कधी आली नाही. ती म्हणे, "काम न्हाय तर खात बी न्हाय. असं ह्या घरात दुसरं कोण हाय?" डोक्यावरच्या हौदातले पाणी चालता चालता उकळू लागे. ते वाया कसे जाऊ द्यायचे म्हणून ती ओल्या भुईमुगाच्या शेंगा फडक्यात बांधून त्यात सोडे. इंजिनात उकडलेल्या त्या शेंगांना पेट्रोलचा अगदी पुसट वास यायचा. परवा भाचीच्या घरी प्रेशर कुकरमधल्या शेंगा खाल्ल्या तेव्हा काहीतरी कमी आहे असे वाटत राहिले. काय कमी आहे हे मी तिला सांगितले नाही.

तर असे आमच्या परसात दोन पक्ष होते. अप्पांचे इंजिन उभे होते आणि अव्वाचे चालत होते. अप्पा मोठ्याबद्दल आदराने आणि धाकट्याबद्दल उपकार केल्यासारखे बोलत. अव्वा मोठ्याबद्दल बोलतच नसे; फक्त पापड घालताना त्याच्या पाठीवरची धूळ पुसून घेई.

संकट आले ते दोड्डप्पांच्या रूपाने. ते वाईट गृहस्थ मुळीच नव्हते, पण रिकामी जागा त्यांना पाहवत नसे, आणि इंजिनाने व्यापलेली जागा त्यांच्या दृष्टीने रिकामीच होती. दुकानाला गोदाम हवे होते. परसाच्या कडेची डंखाची पत्र्याची शेड ठेवून, मोठे इंजिन जिथे उभे होते तिथे ते सहज झाले असते. भाद्रपदात एके दिवशी त्यांनी जेवताना सांगून टाकले की दसरा झाला की भंगारवाला येईल आणि मोठे धूड तोडून नेईल. तोवर अप्पांना दुसरी सोय करायची असेल तर करावी. अप्पांच्या घशात घास अडकला. थोरल्या भावाला उलट उत्तर देण्याची आमच्या घरात रीत नव्हती, आणि अप्पांची तर तशी प्रकृतीही नव्हती. माझा भिडस्तपणा कुठून आला असे मला लोक विचारतात, तेव्हा मला त्यांचा तो अडकलेला घास आठवतो.

सोय म्हणजे काय, तर पुण्यात त्या सुमारास जुन्या यंत्रांचे एक संग्रहालय उभे राहत होते. अप्पांनी तिथे लिहिले आणि तिथल्या आगटे नावाच्या अधिकाऱ्यांनी इंजिने पाहायला येतो, आपणच सोयीचा दिवस कळवा, असे उत्तर दिले. आनंदाच्या भरात अप्पांनी, दुकान बंद असेल आणि आपल्याला पाहुण्यांजवळ निवांत बसता येईल म्हणून, नेमका खंडेनवमीचा दिवस कळवला. ही चूक आमच्यातल्याच माणसाला सुचावी अशी होती. खंडेनवमीला घरातली, दुकानातली, शेतातली सगळी हत्यारे-अवजारे धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पुजतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला हात लावू देत नाहीत. कापडाची कात्रीसुद्धा त्या दिवशी फुलाखाली झोपलेली असते. ज्या पाहुण्याला इंजिन चालताना दाखवायचे त्याला, इंजिन चालवणे निषिद्ध असलेल्या वर्षातल्या एकमेव दिवशी आपण बोलावले आहे, हे अप्पांच्या लक्षातच आले नाही.

शिवाय पाहुणे येणार म्हणून त्यांनी मोठ्या इंजिनाला रंग लावून घेतला. आमच्या गल्लीत हुसेनभाई नावाचे रंगारी राहत. टांगे, लॉऱ्या आणि दुकानांच्या पाट्या हा त्यांचा प्रांत. त्यांनी बॉयलर चंदेरी केला, चाके लाल केली, धुराड्याला हिरवे पट्टे ओढले, आणि एवढी मोकळी जागा पाहून हात शिवशिवल्यामुळे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना कमळ धरलेला एकेक पोपट काढला. धाकट्याला मात्र अव्वाने ब्रश लावू दिला नाही. रंगाचा वास चटणीला लागतो, असे तिचे म्हणणे. त्याच्यावर वर्षानुवर्षांचे तेल, तिखट आणि खंडेनवमीच्या हळदकुंकवाचे थर होते ते तसेच राहिले. माझ्यावर सोपवलेले काम वेगळेच होते. मी नुकतीच विज्ञान शाखेत गेले होते, म्हणून पाहुण्यांना दोन्ही इंजिनांचा इतिहास मी सांगावा असे अप्पांनी ठरवले. मी वाचनालयातून पुस्तके आणून पाणी उपसणाऱ्या पहिल्या अवजड यंत्रांपासून पेट्रोलच्या ठिणगीपर्यंतचा सगळा प्रवास पाठ केला. भिंतीला तो मी अस्खलित सांगत असे. भिंतीने एकदाही शंका विचारली नाही.

आगटे आले ते सकाळच्या गाडीने. उंच, कृश, खांद्याला शबनम पिशवी, आणि बोलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटण्याची सवय. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर गेले, तोंड उघडले, आणि पहिल्या अवजड यंत्रांपासून शेवटच्या ठिणगीपर्यंतचे सर्व काही माझ्या डोक्यातून वाफेसारखे उडून गेले. तांब्या ठेवून मी परत आले. अप्पा त्यांना थेट परसात घेऊन गेले. तिथे हुसेनभाई आधीच स्वच्छ सदरा घालून आपल्या कामाशेजारी उभे होते. आगट्यांनी इंजिन पाहिले आणि डोळे मिटले. या वेळी ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

"दो हात मारा मैं, साब," हुसेनभाई नम्रपणे म्हणाले. "अब जंग की हिम्मतच नई."

आगट्यांनी फार हळुवारपणे, आजाऱ्याच्या नातेवाइकांशी बोलावे तसे, सांगितले की संग्रहालयाला यंत्र जसे वापरात होते तसे हवे असते. मूळ रंग, हातोडीचे मूळ ठोके, कारागिराच्या हाताच्या खुणा. एकदा वरून रंग चढला की ते सगळे गेले. शिवाय वाफेची मोठी इंजिने त्यांच्याकडे आधीच होती. मोठी वस्तू लोकांना टाकवत नाही, म्हणून ती टिकते आणि संग्रहालयापर्यंत पोहोचते, असे ते म्हणाले. अप्पांनी मान डोलावली. त्यांना वाक्यन् वाक्य कळत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते, आणि तेच पाहवत नव्हते. मग विषय बदलावा म्हणून, किंवा गाडीभाडे वसूल व्हावे म्हणून, आगट्यांनी धाकटे इंजिन पाच मिनिटे चालवून दाखवण्याची विनंती केली.

धाकटे तेव्हा झेंडूच्या माळेखाली बसले होते, पुढ्यात ऊस आणि नारळ. अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सांगितले की ते आज चालणार नाही. आगट्यांना वाटले बिघडले असेल. ते दुरुस्तीबद्दल बोलू लागले.

"बिगडलं न्हाय," अव्वा म्हणाली. "आज त्याचा सण हाय. वर्षातनं एक दिवस मिळतो त्याला. उद्या पायजे तेवढं चालवते की."

आगट्यांनी अप्पांकडे पाहिले, अप्पांनी स्वतःच्या चपलांकडे. उद्या सकाळपर्यंत थांबण्यावाचून उपाय नव्हता, आणि थांबायचे तर जेवण्यावाचून नव्हता. अव्वाने गव्हाची हुग्गी केली होती. त्या खिरीवर तूप घालताना नको म्हणणाऱ्या हाताकडे दुर्लक्ष करण्याची तिची पद्धत होती. आगटे जेवले, आडवे झाले, उठले तेव्हा उन्हे कलली होती आणि त्यांना करण्यासारखे काहीच उरले नव्हते. वेळ जावा म्हणून ते परसात गेले आणि धाकट्या इंजिनासमोर बसले. थोड्या वेळाने पाहिले तर त्यांनी पिशवीतून भिंग काढले होते. आणखी थोड्या वेळाने ते जमिनीवर पालथे झाले होते आणि फक्त पाय दिसत होते. फुले न हलवता, कुंकू न पुसता जेवढे पाहता येईल तेवढे त्यांनी पाहिले. उठले तेव्हा सदऱ्याला पुढून तिखट लागले होते आणि चेहरा उजळला होता.

चहा पिताना ते प्रथमच मोकळेपणाने बोलले. जगभर संग्रहालयांनी आधी राजेरजवाड्यांच्या मोटारी जमवल्या, मग आगगाडीची इंजिने, मग गिरण्यांतली प्रचंड चाके. ज्यांनी विहिरी उपसल्या, पीठ दळले, कडबा कापला ती छोटी पेट्रोलची इंजिने मात्र कुणी ठेवली नाहीत. ती इतकी होती की ठेवण्यासारखी कुणाला वाटलीच नाहीत, आणि एक दिवस नाहीशी झाली. सगळा भाग न् भाग मूळचा असलेले, तेलातिखटाच्या थराखाली मूळ रंग जपलेले असे इंजिन ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहत होते. ते त्यांना हवे होते. मोठे नको. पुढे मी देशातली आणि परदेशातलीही काही संग्रहालये पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्या दालनात मोठी इंजिने आणि कोपऱ्यात एखादे बुटके पाहून त्यांच्या बोलण्याची आठवण झाली. त्या संध्याकाळी मात्र मला फक्त अप्पा दिसत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि मग एवढेच म्हणाले की ते इंजिन त्यांचे नाही, ते हिचे आहे. हिला विचारावे लागेल. विचारले तेव्हा अव्वा म्हणाली, "ब्याड." नको, याचे ते आमच्याकडचे कानडी रूप, त्यात चर्चेला जागा नसते. परवा भंगारवाला यायचा होता.

दसऱ्याच्या सकाळी तिने शब्द पाळला. पदर खोचला, हौदात पाणी ओतले, चाक हाताने दोनदा मागेपुढे केले आणि एक झटका दिला. ठक्. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. मग उसासे, मग ठक्. तिने डंखात शेंगदाणे टाकले आणि ठोके सलग पडू लागले. परस लसणाच्या वासाने भरून गेले. आगटे डोळे मिटून ऐकत होते, पण कालच्यासारखे नव्हे. गोदामाच्या मापासाठी आलेले दोड्डप्पाही दोरी हातात धरून उभे राहिले. अप्पा मोठ्या इंजिनाच्या चाकाला पाठ टेकून होते. अव्वाने एकदा तिकडे पाहिले. मग इंजिन थांबवले, हात पुसले, आणि आगट्यांना विचारले की नेले तर ते तिथे याचे काय करतील.

ते म्हणाले की चौथऱ्यावर ठेवतील. चालवणार का? नाही, चालवले की झिजते. रोज पुसतील, तेलपाणी करतील, लोक येऊन बघतील.

"मग दिवसभर ते करणार काय?" अव्वाने विचारले.

आगट्यांनी डोळे मिटले. अव्वाही विचारात पडली. धुणेपुसणे, काम न सांगणे, लोकांनी येऊन नुसते बघून हात जोडणे: हे सगळे तिने मनात कशाशी तरी ताडून पाहिले असावे, कारण तिचा चेहरा सैल झाला.

"म्हंजे तितं रोज खंडेनवमी," ती म्हणाली.

आगट्यांनी डोळे उघडले. आदल्या दिवशीचा नकार, हुग्गी आणि पालथे पडलेली संध्याकाळ हे सगळे त्यांना एकदम आठवले असणार. "हो," ते म्हणाले, "अगदी तसंच. यापेक्षा नीट मला सांगता येणार नाही."

तेव्हा अव्वा कानडीत शिरली. आवाज चढवला नाही; अप्पांकडे वळून, भाजीवालीशी बोलावे तसे म्हणाली, "येरडू वय्यली, इल्लंद्र वंदू ब्याड." अप्पा लाल झाले. दोड्डप्पा दोरी गुंडाळू लागले. पाहुण्याशी सौदा करणे आमच्या घराण्यात बसत नव्हते, आणि हा तर उघड सौदा होता. आगटे एकेकाकडे पाहत काय म्हणतात त्या, असे विचारत राहिले. अव्वाने माझ्याकडे पाहिले. मी तोपर्यंत त्या माणसासमोर चोवीस तास वावरले होते आणि एक अक्षर उच्चारले नव्हते. अप्पांच्या पाठीमागचे ते चंदेरी धूड मला दिसत होते. मी गप्प राहिले तर उद्या त्याच्यावर छिन्नी पडणार होती.

"अव्वा म्हणते, दोन्ही न्या," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "नाहीतर एकही नको."

आगट्यांनी पोपटाकडे पाहिले. "अहो, पण त्या रंगाचं मी काय करू?"

"उन्हात ठेवा," अव्वाने शांतपणे मराठीत सांगितले. "हुसेनभाईचा रंग हाय. दोन पावसाळ्यात निघून जातो."

त्यावर ते हसले. दोन दिवसांत प्रथमच आणि पुष्कळ वेळ. मोठ्याला दालनात जागा नाही, पण फाटकाजवळ बाग आहे, तिथे उभे करता येईल, असे ते कबूल झाले. हुसेनभाई तिथे नव्हते हे बरेच झाले. पुढे मी पाहिले तेव्हा चंदेरी रंग खरोखरच गेला होता, फक्त पोपटाची चोच टिकून होती. अव्वाने त्याच बैठकीत दोड्डप्पांनाही मोकळे सोडले नाही. जागा त्यांना मिळाली, तेव्हा डंखाला विजेची मोटार त्यांनी घ्यावी, असे तिने डोक्यावरचा पदर पुढे न ओढता आणि सरळ त्यांच्याकडे न पाहता, तुळशीकडे पाहून सांगितले. दोड्डप्पाही तुळशीकडे पाहूनच हो म्हणाले.

ट्रक येऊन गेला त्या दिवशी परस इतके मोठे दिसत होते की अप्पांना त्यात उभे राहायचे कुठे हे कळेना. नवी मोटार आदल्याच दिवशी आली होती. विजेच्या मोटारीला अप्पा यंत्र मानत नसत. बटण दाबले की फिरणाऱ्या वस्तूला स्वतःचा स्वभाव नसतो, असे त्यांचे मत होते. जेवायला बसले तेव्हा त्यांनी पहिला घास हातातच ठेवला.

"माझ्यापायी तुझं चालतं इंजिन गेलं," ते म्हणाले.

अव्वा तव्यावरची भाकरी उलटत होती. "तुमचं भंगारात गेलं असतं तर वर्षभर तुमचं तोंड कुणी बगायचं?" ती म्हणाली. "त्यापरीस इंजिन परवडलं."

जेवण झाले, अप्पांनी टोपी घातली, दुकानाकडे निघाले आणि ओट्यावरून परत फिरले. मी खिडकीतून परसात पाहिले, तर टोपी बाजूला ठेवून ते डंखापाशी अव्वाशेजारी उकिडवे बसले होते आणि मोटारीवर पट्टा नीट बसतो की नाही ते बोटाने चाचपून पाहत होते.